कोर्लई येथील ख्रिस्ती कुटुंबें
(इ. स. १७४० नंतरच्या त्यांच्या धर्मनिष्ठेविषयीं कांहीं विचार)

(१) विषयप्रवेश

मराठ्यांनीं वसई घेतली व पाठोपाठ चौल आणि कोर्लई हीं स्थळें तहानें मिळविलीं, ही हकीकत मराठ्यांच्या इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकास परिचित आहे. मोर्चे कोठें लागले, सुरुंग कसे उडाले, तहाचीं कलमें कोणतीं ठरलीं, ह्यांविषयींचीं पत्रें व बखरी पुष्कळ प्रसिद्ध झाल्या असून त्यांवर विद्वानांनीं विस्तारानें लिहिलें आहे. परंतु किल्ल्यावरील निशाण उतरलें म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसांचें पुढें काय होतें, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाहीं. निशाण बदललें कीं इतिहासकाराची दृष्टि नव्या निशाणाच्या मागें जाते, आणि जीं माणसें जुन्या निशाणाखालीं जन्मलीं पण त्याच्याबरोबर गेलीं नाहींत, तीं कागदांतून नाहींशीं होतात.

कोर्लईचे ख्रिस्ती लोक हे अशांपैकींच होत. पोर्तुगिजांची सत्ता गेल्याला आज पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी ह्या एका खेड्यांत त्यांचे वंशज आहेत, त्यांचा धर्म कायम आहे, आणि पोर्तुगीज भाषेपासून निघालेली एक घरगुती बोलीही त्यांच्यांत जिवंत आहे. राजाश्रय गेला, व्यापार बसला, शहर ओस पडलें. मग हें टिकलें कशाच्या आधारावर? प्रस्तुत लेखांत ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें असें कीं, हा आधार किल्ला नव्हता, केवळ चर्चही नव्हतें. तो घर हा होता. हें म्हणणें कितपत ग्राह्य आहे तें वाचकांनीं पुढील विवेचनावरून ठरवावें.

(२) स्थलवर्णन व पूर्वपीठिका

कुंडलिका नदी, जिला तिच्या मुखाकडे रोह्याची खाडी म्हणतात, जेथें समुद्रास मिळते, तेथें उत्तर तीरावर रेवदंडा व त्याला लागून जुनें चौल आहे. दक्षिण तीरावर कोर्लईचा डोंगर समुद्रांत शिरलेला आहे. पूर्वीं हा सर्व मुलूख कुलाबा जिल्ह्यांत मोडे, इ. स. १९८१ पासून त्या जिल्ह्यास रायगड असें नांव आहे. डोंगराच्या कण्यावर चिंचोळा, लांबट किल्ला, पायथ्याशीं कोळ्यांची व बागाइतदारांची वस्ती, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि भातखाचरें, असें हें गांव आहे. खाडीवर पूल झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. तोंवर रेवदंड्यास जावयाचें तर होडीशिवाय सुलभ मार्ग नव्हता, आणि पावसाळ्यांत होडीचाही भरंवसा नसे. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीनें महत्त्वाची असल्यामुळें येथें मुद्दाम नमूद केली आहे.

चौल बंदराची प्रसिद्धि फार प्राचीन. पोर्तुगीज तेथें सोळाव्या शतकाच्या आरंभीं आले. इ. स. १५०८ सालीं ह्याच बंदरांत मिसरचें आरमार व गुजराथचा मलिक अयाझ ह्यांच्याशीं झालेल्या लढाईंत पोर्तुगीज विजरईचा मुलगा लोरेंसो द आल्मैदा मारला गेला. पुढें अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनें १५२१ च्या सुमारास रेवदंड्यास किल्ल्याचें काम सुरू झालें. १५७०-७१ सालीं मुर्तझा निजामशहानें चौलास मोठा वेढा घातला. तो पोर्तुगिजांनीं निभावून नेला. समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीनें नवा किल्ला उभारला होता; तो पोर्तुगिजांनीं १५९४ सालीं हल्ला करून घेतला, आणि तेव्हांपासून खाडीचें मुख दोन्ही बाजूंनीं त्यांच्या हातीं आलें.

भरभराटीच्या काळीं चौलांत मुख्य चर्चाखेरीज फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन ह्या चारही पंथांचे मठ व चर्चें होतीं. त्यांपैकीं फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा उंच मनोरा आज ‘सातखणी’ ह्या नांवानें रेवदंड्याच्या बागांतून दुरूनही दिसतो. सेंट फ्रान्सिस झेवियरचें म्हणून एक लहानसें उपासनामंदिरही तेथें दाखवितात. कोर्लईच्या किल्ल्यांतही चर्चच्या भिंती उभ्या आहेत, व पोर्तुगीज लेख कोरलेले दगड आहेत. हीं सर्व स्मारकें दगडाचीं आहेत आणि तीं सर्व पडकीं आहेत, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हा धर्म ह्या किनाऱ्यावर कसा आला, हें सांगतांना सत्य झांकण्याचें कारण नाहीं. उत्तरेकडील पोर्तुगीज मुलखांत देवळें पाडलीं गेलीं, हिंदूंच्या सार्वजनिक धर्माचारांस बंदी झाली, आणि १५६० सालीं गोव्यास इन्क्विझिशनची स्थापना झाल्यावर तिची छाया ह्या प्रांतावरही पडली. कोणी श्रद्धेनें, कोणी आश्रयासाठीं, कोणी भयानें, तर कोणी गुलामगिरींतून ख्रिस्ती झाले. कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांचे पूर्वज बहुतांशीं स्थानिक गरीब वर्गांतले व किल्ल्याच्या चाकरींतले असावेत, असा भाषाशास्त्रज्ञांचा तर्क आहे, व तो संभवनीय दिसतो. परंतु एखादा धर्म घरांत कसा आला, ह्यावरून तो घरांत कां राहिला, ह्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेंच कोंकणांतील ख्रिस्ती समाज म्हणजे पोर्तुगीज सत्तेची केवळ एक सावली, असें सुलभ विधान करण्यांत येतें. सावली असती तर वस्तु हललल्याबरोबर ती नाहींशी झाली असती. कोर्लईस तसें झालें नाहीं.

(३) इ. स. १७४० चा तह : गेले कोण व राहिले कोण

संभाजी महाराजांनीं १६८३ सालीं चौलावर स्वारी केली, तेव्हांपासूनच ह्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज सत्तेची स्थिति डळमळीत झाली होती. मुंबईच्या उत्कर्षाबरोबर चौलचा व्यापारही उतरणीस लागला. १७३७ सालीं साष्टी गेली. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. आणि १७४० सालीं इंग्रजांच्या मध्यस्थीनें झालेल्या तहानें पोर्तुगिजांनीं चौल व कोर्लई हीं स्थळें मराठ्यांच्या हवालीं केलीं. मोबदल्यांत मराठ्यांनीं गोव्याकडील आपल्या फौजा मागें घ्याव्या असें ठरलें. गोवें वांचविण्यासाठीं चौल दिलें, असा ह्या व्यवहाराचा सरळ अर्थ आहे. दरबारांच्या हिशेबांत ही देवघेव रास्तच होती. परंतु जें दिलें त्यांत माणसें राहत होतीं.

पोर्तुगीज अधिकारी, मठवासी साधु आणि पैसेवालीं घराणीं गोव्यास किंवा अन्यत्र निघून गेलीं. ज्यांच्याजवळ जहाजाचें भाडें नव्हतें, ज्यांस गोव्यांत कोणी ओळखीचें नव्हतें, ज्यांची चार माडांची वाडी हीच काय ती दौलत होती, तीं कुटुंबें मागें राहिलीं. त्यांच्यापुढें तीन वाटा होत्या. सर्व टाकून परमुलखांत जावें; किंवा पूर्वजांच्या धर्मांत परतावें; किंवा जेथें आहों तेथें, जें आहों तें राहावें. दुसरी वाट नुसती कल्पनेंतली नव्हती. वसई प्रांतांत कांहीं कुटुंबांस प्रायश्चित्त देऊन परत घेण्याचा उद्योग मराठी अमलांत झाला होता. तथापि अशा वेळीं जातीचा दरवाजा किती उघडतो व आंत गेल्यावर पाटावर कोणत्या रांगेस बसवितात, हा प्रश्न गरीब कुटुंबांस सोपा नसतो. कोर्लईकरांनीं तिसरी वाट धरली.

येथें मराठ्यांविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. वसईच्या शरणागतीच्या अटींत मागें राहणाऱ्या ख्रिस्त्यांस आपला धर्म पाळण्याची मुभा असावी, असें कलम होतें. आणि तें कागदावरच राहिलें असें दिसत नाहीं. १७६० सालीं आंकेतिल द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान् साष्टींतून प्रवास करीत असतां ख्रिस्ती उपासना तेथें उघडपणें चालल्याचें त्यानें पाहिलें, आणि ठाण्याच्या चर्चमधील मोठ्या सणास जमलेल्या समुदायाचें वर्णन करून ठेविलें. परधर्मी राज्यांत इतका थाट पाहून त्यास आश्चर्य वाटलें. युरोपियन साधु गेल्यावर ह्या चर्चांची व्यवस्था गोव्याच्या आर्चबिशपाच्या हाताखालील देशी पाद्र्यांकडे आली, आणि त्यांनीं ती शक्त्यनुसार चालविली. म्हणजे कोर्लईकरांवर छळ कोसळला व त्या छळांत ते तगले, अशी ही कथा नाहीं. त्यांच्यावर आली ती निराळी आपत्ति होती : कोणी मारीत नव्हतें, पण कोणी विचारीतही नव्हतें. कालपर्यंत जो राजाचा धर्म होता तो आज खाडीपलीकडच्या मूठभर लोकांचा धर्म झाला.

आणि अनिश्चितता तेथेंच संपली नाहीं. दक्षिणेस मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख, उत्तरेस अलिबागेस आंग्र्यांची सत्ता व त्यांच्या भाऊबंदकीचे तंटे, वर पेशव्यांचा अंमल. ह्या त्रिकोणांत हें खेडें दोन पिढ्या तरी सांपडलेलें होतें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, १८४० सालीं आंग्र्यांचें कुलाबा संस्थान इंग्रजांनीं खालसा केलें. शंभर वर्षांत एवढे धनी बदलल्यावर एखाद्या गरीब कुटुंबास कायमची म्हणावी अशी वस्तु कोणती उरते? जमिनीचा सारा कोणास द्यावयाचा हें बदललें, नाणें बदललें, किल्ल्यावरचा हवालदार बदलला. घराचा उंबरा तेवढा बदलला नाहीं.

(४) घरांत काय राहूं शकतें

कॅथलिक धर्माची रचना पाहिली तर असें दिसतें कीं, त्यांतील कांहीं विधि पाद्र्यावांचून होऊंच शकत नाहींत. मिस्सा ही त्यांत मुख्य. पापनिवेदन हेंही तसेंच. ज्या धर्माचें मध्य असें दीक्षित पुरोहितावर अवलंबून आहे, तो पुरोहित दुर्मिळ झाल्यास लुळा पडावा, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु त्याच धर्मानें दुसरीही एक व्यवस्था करून ठेविली आहे, व तिच्याकडे आमच्या इतिहासकारांचें लक्ष गेलेलें नाहीं. मरणोन्मुख अर्भकास पाण्यानें बाप्तिस्मा देण्याचा अधिकार संकटसमयीं कोणाही मनुष्यास आहे, सुईणीसही आहे. जपमाळेची प्रार्थना, जिला रोझारी म्हणतात, तिला पाद्री लागत नाहीं, ग्रंथ लागत नाहीं, अक्षरओळखही लागत नाहीं. मण्यांची माळ, तीही नसेल तर हाताचीं बोटें पुरतात. शुक्रवारीं मांस वर्ज्य करणें, ईस्टरपूर्वींचे चाळीस दिवस उपासाचे पाळणें, मुलास संताचें नांव ठेवणें, धर्मपिता व धर्ममाता नेमून दोन घरांचें नातें जोडणें, मृतांसाठीं प्रार्थना करणें, भिंतीवरील क्रूसापुढें दिवा लावणें, ह्या सर्व गोष्टी घराच्या आहेत. त्यांचें पौरोहित्य आजी करते व उपाध्येपण आई करते.

ह्या यादीकडे पुन्हां पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येईल. हे सर्व आचार काळाशीं बांधलेले आहेत : रोजचे, आठवड्याचे, वर्षाचे. राज्यक्रांतींत मनुष्याचा पहिला आधार तुटतो तो काळाचा. उद्यां काय होईल हें कळेनासें होतें. अशा वेळीं ज्या घरांत संध्याकाळीं ठराविक वेळीं माळ हातीं घेतली जाते, शुक्रवारीं ठराविक अन्न शिजतें, आणि पाऊस किती का पडेना नाताळ ठराविक दिवशीं येतो, त्या घरास उद्यांची तेवढी तरी खात्री असते. श्रद्धा ह्या शब्दाचा शास्त्रार्थ कांहींही असो, गरीब कुटुंबांत ती अशा खात्रीच्या रूपानें नांदते.

सणांतील आनंद हा ह्या विषयाचा गौण भाग समजूं नये. कोर्लईचें चर्च माउंट कार्मेलच्या मातेच्या नांवाचें आहे. चर्चच्या पंचांगांत ह्या मातेचा सण १६ जुलैस येतो. ह्या सुमारास किनाऱ्यावर होड्या ओढून शाकारलेल्या असतात, खाडी गढूळ व फुगलेली असते, आणि भाताच्या लावणीची घाई चाललेली असते. अशा दिवसांत परगांवचा पाहुणा येणें पूर्वीं दुष्करच. तेव्हां त्या तिथीचा उत्सव मुख्यतः गांवाचा व घरचाच होत असला पाहिजे, असें मानणें वावगें होणार नाहीं. जें चौल शहरांत मिरवणुकींनीं व तोफांच्या सलामीनें होत असे, तें ओल्या अंगणांत व ओटीवर होऊं लागलें. सण लहान झाला. पण तो बंद पडला नाहीं. मराठींत ख्रिस्तजयंतीस रूढ असलेला ‘नाताळ’ हा शब्द मूळ पोर्तुगीज आहे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. राज्य गेलें तरी सणाचें नांव शेजाऱ्यांच्या तोंडांत राहिलें, कारण तो सण शेजारीं साजरा होत राहिला.

(५) भाषेची साक्ष

येथपर्यंतच्या विवेचनावर वाचक असा आक्षेप घेतील कीं, ह्यांस पुरावा काय? घर दफ्तर ठेवीत नाहीं. आजीच्या प्रार्थनेची नोंद कोणत्याही फडणिशींत होत नाहीं. हा आक्षेप रास्त आहे. परंतु कोर्लईच्या बाबतींत एक असा पुरावा आहे कीं जो कोणी मुद्दाम लिहून ठेविला नाहीं आणि म्हणूनच जो अधिक विश्वसनीय आहे. तो म्हणजे तेथील ख्रिस्त्यांची बोली. तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असें म्हणतात.

उत्तरेकडील हिंदी-पोर्तुगीज बोलींचा शास्त्रीय अभ्यास जर्मन पंडित ह्यूगो शूखार्ट ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं आरंभिला. गोव्याचे कोशकार मोन्सिन्योर सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो ह्यांनीं १९०६ सालीं त्या बोलींवर स्वतंत्र निबंध लिहिला. खुद्द कोर्लईच्या बोलीचा सांगोपांग अभ्यास अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्यांनीं गांवांत राहून केला व त्यांचा ग्रंथ १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या अभ्यासावरून जें दिसतें त्यांतील दोनच मुद्दे येथें घेतों.

पहिला मुद्दा क्रियापदांचा. पोर्तुगीज क्रियापदांचे मूळचे तीन वर्ग, आकारान्त, एकारान्त व इकारान्त, ह्या बोलींत कायम आहेत. परंतु त्यांच्या जोडीस चौथा, उकारान्त वर्ग नव्यानें निर्माण झाला आहे, आणि मराठींतून घेतलेलीं क्रियापदें त्या वर्गांत बसविलीं जातात. जुन्या वाड्यास नवीन पडवी काढावी, तसें हें आहे. मूळ घराचे खण मोडले नाहींत. आलेल्या पाहुण्यांस जागा निराळी करून दिली. दुसरा मुद्दा वाक्यरचनेचा. पोर्तुगीज वाक्यांत क्रियापद कर्माच्या आधीं येतें. कोर्लईच्या बोलींत तें मराठीप्रमाणें शेवटीं येऊं लागलें आहे. म्हणजे शब्द पुष्कळसे जुने, पण त्यांस चालविण्याची रीत शेजाऱ्यांची.

ह्यावरून काय निष्पन्न होतें? कोणी म्हणेल कीं ही बोली चर्चनें टिकविली. कारण गोव्याकडून येणारे पाद्री पोर्तुगीज जाणणारे असत आणि त्यांच्यामुळें त्या भाषेशीं असलेला संबंध विसाव्या शतकापर्यंत पूर्णपणें तुटला नव्हता. हें खरें आहे, व त्याचें श्रेय त्या पाद्र्यांस दिलेंच पाहिजे. परंतु पाद्र्याची भाषा शिष्ट पोर्तुगीज, आणि मिस्सेची भाषा तर त्या काळीं लॅटिन. ‘नॉ लिंग’ ही ह्या दोहोंपैकीं एकही नव्हे. जी भाषा केवळ वेदीपाशीं पाठ म्हणून राहते, तिला नवा क्रियापदवर्ग फुटत नाहीं, ती गोठते. जिला रोज भात शिजवावा लागतो, मुलांस रागवावें लागतें, वाडींतील पाण्याच्या पाळीवरून भांडावें लागतें, तिलाच शेजाऱ्याचीं क्रियापदें लागतात. सबब ही बोली वेदीची नसून चुलीची आहे. आणि ती ख्रिस्ती चुलींच्याच भोंवतीं टिकली, त्याच गांवच्या इतर चुलींच्या भोंवतीं नाहीं, ह्यावरून धर्म व घर ह्यांची सांगड किती घट्ट होती तें दिसून येतें. लग्नव्यवहार समाजांतल्या समाजांत होत राहिले, म्हणून नवी सून बहुधा तीच बोली घेऊन घरांत आली.

तुलनेसाठीं आमच्या मराठीकडे पाहावें. चावी, पगार, पाव, घमेलें, तुरुंग हे शब्द आपण पोर्तुगिजांपासून घेतले. हे वस्तूंचे शब्द आहेत. ते बाजारांतून व कचेरींतून आले. कोर्लईच्या घरांत राहिलें तें भाषेचें व्याकरण. वस्तु बाजारांतून घेतां येते. व्याकरण आईपासूनच घ्यावें लागतें.

(६) तुलनात्मक विचार

एकाच उदाहरणावरून सिद्धान्त मांडणें हें संशोधनाच्या शिस्तीस सोडून होईल. म्हणून अन्य तीन-चार उदाहरणें पाहूं.

पहिलें उदाहरण ह्याच किनाऱ्यावरील आहे. अलिबाग-चौलच्या आसपासचे बेने इस्रायल लोक शतकानुशतकें रब्बी व सिनेगॉग ह्यांवांचून राहिले. तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. सुंता, शब्बाथ, खाण्याचे निर्बंध, शेमा ही प्रार्थना आणि एलियाहू पैगंबराच्या नांवानें होणारा मलिदा, एवढ्या सामग्रीवर त्यांनीं आपला धर्म घरांत जतन केला. त्यांचें पहिलें सिनेगॉग मुंबईस १७९६ सालीं झालें. रेवदंड्यास १८४२ सालीं. बोली मात्र त्यांची मराठीच. कोर्लईपासून खाडीच्या अंतरावर घडलेली ही गोष्ट आमच्या प्रतिपादनास फार उपकारक आहे.

दुसरें, वसई व साष्टीच्या ख्रिस्त्यांचें. ह्यांच्यापैकीं बऱ्याच समाजानें १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. त्यांच्या घरांत पोर्तुगीज नव्हे, तर मराठीच्याच बोली नांदल्या; लग्नांत उंबराचें पाणी आणण्यासारखे जुने देशी विधि राहिले; आणि तरी धर्म ख्रिस्तीच राहिला. येथें भाषा एक, कोर्लईस दुसरी, परिणाम एकच. ह्यावरून धर्म टिकण्यास विशिष्ट भाषा अवश्य नाहीं, घर अवश्य आहे, असा निष्कर्ष निघतो. मराठींत ख्रिस्तकथा घरीं नेण्याचा मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं १६१६ सालीं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध रचून केला होता. १६८४ सालीं गोवें सरकारनें देशी भाषा मोडून पोर्तुगीज चालविण्याचा हुकूम काढला. पण हें पुराण लोकांच्या वाचनांतून गेलें नाहीं. टिपूनें १७८४ सालीं कानडा प्रांतांतील ख्रिस्त्यांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ पर्यंतच्या त्या बंदिवासांत पुराणाच्या ओव्यांनीं त्यांस धीर दिला, अशी मंगळूरकडील परंपरा आहे.

तिसरें उदाहरण दूरचें, जपानचें. तेथें १६१४ सालीं ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली व पुढें पाद्री उरला नाहीं. दोनशें वर्षांहून अधिक काळ गेल्यावर १८६५ सालीं नागासाकी येथील नव्या चर्चमध्यें कांहीं खेडुत स्त्रीपुरुष आले आणि आपलाही धर्म तोच असल्याचें त्यांनीं फादर पेटिजां ह्यांस हळूच सांगितलें. बाप्तिस्मा, प्रार्थना व सणांची गणना एवढें त्यांनीं घरांत राखलें होतें.

ह्या उदाहरणांत परिस्थिति निरनिराळी आहे. जपानांत छळ होता, कोर्लईस तो नव्हता. परंतु टिकलेल्या वस्तूंची यादी सर्वत्र बहुतेक एकच दिसते : मुलाचें नांव, आठवड्याचा एक दिवस, खाण्याचा एक नियम, तोंडपाठ प्रार्थना आणि वर्षाचा एक आनंदाचा सण. संकटांत मनुष्य धर्माचा जो भाग उचलून घरांत आणतो तो हा. राजवैभवाचा जो भाग तो रेवदंड्याच्या तटाआड पडून राहिला.

(७) उपसंहार

वरील विवेचनावरून आम्हांस असें वाटतें कीं, कोंकणांतील ख्रिस्ती समाजाचा इतिहास हा विजरई, आर्चबिशप व सेनापति ह्यांच्या कागदांवरूनच लिहिणें अपुरें आहे. ते कागद धर्म कसा आला तें सांगतात. तो कसा राहिला तें सांगत नाहींत. मराठ्यांचा विजय हा आमच्या अभिमानाचा विषय आहे व तो तसाच राहावा. परंतु ज्या विजयानंतर पराभूतांच्या गरीब कुटुंबांस आपल्या ओटीवर आपली माळ जपतां आली, त्या विजयाची थोरवी त्या कुटुंबांच्या इतिहासावांचून पुरती कळत नाहीं. दोन्ही बाजूंचा मान ह्यांत आहे.

एक गोष्ट शेवटीं सांगणें अवश्य आहे. जें निशाण बदलल्यानें मोडलें नाहीं, तें आतां दुसऱ्या कारणांनीं क्षीण होत आहे. गांवांत शिक्षण मराठींत होतें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना लोकभाषेंत होऊं लागली, व कोर्लईस ती लोकभाषा मराठी ठरली. पूल झाला, सडक झाली, तरुण मंडळी नोकरीसाठीं मुंबईकडे जाऊं लागली. ह्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु ‘नॉ लिंग’ बोलणाऱ्यांची संख्या आज हजाराच्या आंतबाहेरच आहे. ती बोली गेली तरी धर्म जाईलच असें नाहीं; वसईच्या उदाहरणावरून तसें मानण्याचें कारण नाहीं. मात्र जो एकमेव दस्तऐवज कोणा कारकुनानें लिहिला नाहीं, जो पिढ्यान् पिढ्या आयांनीं मुलांच्या तोंडीं लिहिला, तो मिटेल.

म्हणून इतिहासभक्तांस आमची विनंति अशी कीं, कोर्लईस गेल्यावर किल्ल्यावर चढण्यापूर्वीं त्यांनीं पायथ्याच्या घरांत थोडें बसावें. वृद्ध स्त्रियांस ज्या प्रार्थना, लग्नगीतें व म्हणी येत असतील त्या त्यांच्याच उच्चारांत टिपून घ्याव्या. धर्मपिते-धर्ममाते कोण कोणाचे हें विचारावें. सणास काय शिजतें व तें कोणाकडे वांटतात हेंही लिहून ठेवावें. किल्ल्यावरील शिलालेख आणखी शंभर वर्षें थांबूं शकतील. हीं माणसें थांबणार नाहींत.